पायाला कोण सांगणार

४ एप्रिल

भिंगरे,

आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. उत्तराला उशीर केलास तर त्यातला एक हात धपाट्यासाठी राखून ठेवलाय.

तुझं पाकीट आलं तेव्हा उघडायच्या आधीच मी ते दोनदा वाचलं, म्हणजे वरचा पत्ता वाचला. माझं नाव तू एवढं ठळक लिहितेस की पोस्टमनसुद्धा हल्ली मला अदबीनं हाक मारतो. फोनवर तुझं बोलणं कळत नाही गं. नुसती घरघर ऐकू येते, ती तुझी की विमानाची हेही समजत नाही. कागदावर मात्र तू स्वच्छ ऐकू येतेस. चौथीत शाळा सुटली तेव्हा वाटलं नव्हतं, उतारवयात तेवढंच अक्षर इतकं कामाला येईल.

आम्ही नव्या घरी आलो. वरचा मजला आहे, पण लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये आरसा आहे आणि त्यात मला रोज एक म्हातारी भेटते, पण ओळख दाखवत नाही. सूनबाईनं मला उन्हाची खोली दिली, न मागता. न मागता काही मिळालं की मी जरा सावध होते. तुझी मामी वाईट नाही, पण गप्प असते, आणि गप्प माणसाच्या पोटात काय शिजतंय ते कुणाला दिसतंय? माझ्या खोलीत काहीतरी गडबड चालली आहे एवढंच आज सांगते. पुरावा हातात आला की लिहीन.

आता मुद्दा. तुझा मामा परवा तुला भेटून आला आणि जेवताना मान वर करीना. माझा मुलगा आहे तो, पोटात काही लपवलं की कान लाल होतात. मी खणलं तेव्हा निघालं. तू त्याला बघण्याआधी त्यानं तुला कुंपणाबाहेरून बघितलं म्हणे. रिकाम्या धावपट्टीच्या कडेला तू डोळे मिटून चालत होतीस, एक हात पुढे ताठ धरलेला. मध्येच कलायचीस, गर्रकन फिरायचीस, खाली वाकायचीस, पाय आपटायचीस आणि तोंडानं पुटपुटणं चालू. आजूबाजूला माणसं उभी होती, पण एकानंही तुला थांबवलं नाही.

तुझ्या आईच्या मागे मी तुला वाढवलंय, तेव्हा मला विचारायचा हक्क आहे. तुला तिथे कुणी काही पाजत तर नाही ना? डोळे मिटून चालणारी माणसं दोनच प्रकारची, झोपेत चालणारी नाहीतर प्रेमात पडलेली. तू कोणत्यातली ते खरं कळव.

तुझी आजी


११ एप्रिल

आजी,

धपाटा पोचला. मी झोपेत नाही आणि प्रेमातही नाही. मामा कुंपणाबाहेरून हेरगिरी करतो हे मात्र बरं कळलं.

आमच्यात सगळेच तसं चालतात. लोकांसमोर हवेत कसरती करायच्या तर आधी त्या जमिनीवर करायच्या. हात म्हणजे विमान. डोळे मिटून अख्खी कसरत चालायची, कुठे वर, कुठे उलटं, कुठे कोणता पाय. विमानात पायाखाली दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीची उभी झडप हलते आणि नाक डावी-उजवीकडे वळतं.

मला जास्त चालावं लागतंय, कारण विमान बदललंय. ज्यात मी शिकले आणि पुढे दुसऱ्यांना शिकवलं, त्याचा पंखा एका दिशेनं फिरायचा. या नव्याचा उलटा फिरतो. इंजिनाला जोर दिला की जुन्याचं नाक डावीकडे पळायचं, ते उजव्या पायानं आवरायचं. याचं उजवीकडे पळतं, डाव्या पायानं आवरायचं. शिवाय हे अंगानं जड. उभी गिरकी घ्यायची तर आधी जास्त वेग लागतो आणि खाली जास्त उंची राखावी लागते. हातातला दांडा मात्र इतका हलका, की बोटभर हलवला तर हातभर वळतं. मी सगळं पाठ केलंय. झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

सगळ्यात अवघड कसरतीला आम्ही हातोडा म्हणतो. खिळ्यासारखं सरळ वर जायचं. वेग संपत येतो, विमान जवळजवळ थांबतं, आणि नेमक्या त्या क्षणी कुशीवर वळून आलो त्याच रेघेवरून खाली यायचं. वर जाताना डावा पाय रोवून नाक सरळ धरायचं आणि क्षण आला की मगच उजवा दाबायचा. १७ मेला आमच्या चमूचा कप्तान माझी परीक्षा घेणार. चमूत एकच जागा आहे. मिळाली तर मी इथली, नाहीतर सामान बांधायचं.

ही जागा इथल्या मेकॅनिकच्या भाच्याला मिळणार असं सगळे धरून चालले होते, तेवढ्यात मी आले. मेकॅनिकला आम्ही पाठीमागे घुम्या म्हणतो. दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले तीन पान्याशी. माझ्या वाट्याला उरलेला चौथाही येत नाही.

तुझ्या खोलीत कसली गडबड? अर्धवट लिहून माझी झोप उडवू नकोस.

भिंगरी


१७ एप्रिल

भिंगरे,

तू वेडी झाली नाहीस म्हणून मी शेजारणीला चहा पाजला. ती विचारत होती कसल्या आनंदाचा, म्हटलं नात शहाणी निघाली. मग तुझं ते चालणं मी तिला करून दाखवलं. तिनं सूनबाईला हाक मारली.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य माझ्या घशात अडकलंय. तो घुम्या. तुझ्या जागेवर त्याचा भाचा बसायचा होता, आणि तुझ्या विमानाचे सगळे नट-बोल्ट त्याच्या हातात. आणि तू हे असं लिहितेस जशी हवेची बातमी. अगं, पाण्यात राहून माशाशी वैर असतं तेव्हा निदान मासा कुठे आहे ते तरी बघावं.

संशय हा माझा धंदाच होता. हातमोज्यांच्या कारखान्यात मी तपासणीला बसत होते. पुढ्यात ढीग पडायचा आणि मी डावा-उजवा जोडी लावायचे. दोन डावे एकत्र आले तर मला बघावंही लागायचं नाही, बोटांनाच कळायचं. एकदा सारखेच दोन डावे यायला लागले. सगळे म्हणाले चूक होते माणसाकडून. मी म्हटलं चूक एवढ्या शिस्तीत होत नाही. शेवटी कापणारा एकजण सापडलाच, मुकादमावर राग होता त्याचा. तोही असाच घुम्या होता. बोलणारा माणूस भांडतो आणि मोकळा होतो, न बोलणारा शिवण उसवतो.

तेव्हा डोळ्यात तेल घालून राहा. विमानात बसायच्या आधी शेपूट हातानं चाचपून बघत जा. त्याच्या हातात कोणतं हत्यार आहे ते बघ, आणि तो बघतोय का तेही बघ.

माझ्या ओळी वाकड्या गेल्यात तिकडे लक्ष देऊ नकोस. नवा चष्मा आहे.

तुझी आजी


२४ एप्रिल

आजी,

सगळं छान चाललंय. हवा सुंदर आहे. सकाळी धुकं असतं, मग ऊन पडतं. कॅन्टीनमध्ये नवीन खुर्च्या आल्यात. सराव नेहमीसारखा.

तुझ्या अक्षराचं मला पटलेलं नाही. चष्म्यानं ओळ वाकडी जाते, पण अक्षर असं थरथरत नाही. आणि तू 'ळ' मध्येच सोडून दिलायस, जसं हात उचलावा लागला. काय लपवतेस?

घुम्याचं म्हणशील तर काल संध्याकाळी तो माझ्या विमानाच्या शेपटीपाशी उभा होता. हातात पक्कड होती. मला बघून बाजूला झाला. बोलला काही नाही.

भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरे,

तुला बोलता येत नव्हतं तेव्हापासून मी तुला वाचतेय. तू जन्मात मला कधी धुक्याबद्दल लिहिलं नाहीस. खुर्च्यांबद्दल तर नाहीच. शाळेत पडून ओठ फाटला होता तेव्हा तू घरी येऊन मला बाईंच्या साडीचा रंग सांगत बसली होतीस, आणि रुमाल तोंडावरून काढत नव्हतीस. या पत्राच्या तोंडावर तसाच रुमाल आहे.

आणि शेवटी घाईघाईनं पक्कड. मला काय कळत नाही? काहीतरी झालंय आणि ते हवेत झालंय. लगेच लिही. खोटं लिहिलंस तर मामाला गाडीत घालून मीच येईन, मग तिथल्या नव्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या उलटतपासण्या घेईन.

माझं काही नाही. मनगट जरा मुरगळलंय, भरलेली किटली उचलली म्हणून.

आजी


३ मे

आजी,

ठीक आहे. रुमाल काढते.

तुझं हातमोज्यांचं पत्र आलं त्या सकाळी मी हातोडा करायला गेले. सरळ वर गेले. डावा पाय रोवलेला होता, शपथेवर सांगते. वेग संपत आला आणि नाक उजवीकडे जायला लागलं. मी आवरत होते तरी जास्तच जायला लागलं, जणू कुणी खालून दोर ओढतंय. मग विमान आडवं पडलं आणि गरागरा फिरत खाली आलं. मी इंजिनाचा जोर काढला, फिरणं थांबवलं, सरळ केलं. उंची राखली होती म्हणून हे पत्र लिहितेय. उतरल्यावर बराच वेळ मला पट्टे सोडता येत नव्हते. तेव्हा घुम्याच आला आणि त्यानं सोडले. तोंडातून शब्द नाही. तुझं वाक्य माझ्या कानात वाजत होतं, न बोलणारा शिवण उसवतो.

मग ती पक्कड दिसली. शेपटीच्या झडपेला पत्र्याची एक छोटी पट्टी असते. ती किंचित वाकवली की विमान त्या बाजूला ओढतं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर पट्टीवर पकडीचे ताजे व्रण होते. त्यानंतर पुन्हा हातोडा केला, पुन्हा तेच झालं, या वेळी मी लवकर सोडवलं.

मी सगळ्यांसमोर कप्तानला सांगितलं. म्हटलं, माझ्या विमानाला हात लावलाय आणि कुणी लावला ते मला ठाऊक आहे. कप्तान घुम्याला म्हणाला, तुझं काय म्हणणं. घुम्यानं माझ्याकडे बघितलं, हत्यारं एकेक पुसून पेटीत ठेवली आणि पेटी उचलून निघून गेला. आमच्याकडे नियमच आहे, असा आरोप झाला की चौकशी संपेपर्यंत माणूस विमानाजवळ येऊ शकत नाही.

दुसऱ्या मेकॅनिकनं तपासलं, काही सापडलं नाही. कप्तान स्वतः ते विमान घेऊन गेला. खिळ्यासारखा सरळ वर गेला आणि खिळ्यासारखा खाली आला. उतरून म्हणाला, विमान ठीक आहे. पण तोवर मध्ये वेळ गेला होता ना. सरळ करायला कितीसा वेळ लागतो?

आता कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. भाचा मला दार उघडून देतो, फारच नम्रपणे. मला कुणाचाच भरवसा वाटत नाही.

आता तुझ्या मनगटाचं खरं सांग. किटली तू कधीच भरून उचलत नाहीस.

भिंगरी


७ मे

माझ्या भिंगरे,

पत्र वाचताना मी पलंगाचा कठडा इतका घट्ट धरला होता की मनगटातून पुन्हा कळ आली. तू सरळ खाली उभी आहेस ना? तेवढं कळव, बाकी नंतर.

तू बोललीस ते बरं केलंस. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर पेटी उचलून गेला नसता. आणि कप्तान गेला तेव्हा विमान सरळ गेलं यात काय नवल, तोवर कुणीतरी पट्टी सरळ केली असणार. भाच्याचे हात काय धुतलेले आहेत?

तू रुमाल काढलास, आता मी काढते. हसू नकोस. किंवा हस, मीही हसतेय.

मी पडले. दुपारची झोप काढून उठले, मोरीत जायला पलंगावरून डावीकडे उतरले, आणि डावीकडे मोरी नाहीच. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या बोळात मी आपली उभी अडकले, मग बसती झाले. मनगट तिथे गेलं. मोरी उजवीकडे. आता जुन्या घरात ती डावीकडे होती हे मान्य, पण मी काही खुळी नाही, नव्या घरात ती उजवीकडे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुझ्या मामाला विचार, पाहुण्यांना मोरी मीच दाखवते. तेव्हा माझी खात्रीच झाली. मी झोपले की कुणीतरी पलंग फिरवतं, आणि मी पडले की परत जागेवर लावतं. घरात दुपारी कोण असतं? सूनबाई. न मागता उन्हाची खोली कशाला दिली ते आता कळलं, म्हटलं.

मी पण तुझ्यासारखीच, सगळ्यांसमोर बोलले. मुलाचा घास हातात राहिला. सूनबाईनं ताट बाजूला सारलं. उठली, शिवणाचा खडू घेऊन आली, आणि पलंगाच्या चारही पायांभोवती फरशीवर गोल काढले. खडू माझ्या हातात दिला आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी झोपले, उठले, डावीकडे उतरले. कपाट. मी तिथूनच खाली वाकून बघितलं. पलंगाचे पाय गोलांत बसलेले, चहाच्या बशीत कप बसावा तसे. केसभरही इकडे-तिकडे नाही. रोज बघते. रोज तिथेच. आणि मी अजूनही एक दिवसाआड कपाटाशी जाऊन थडकते. आयुष्यभर डोळे मिटून डावं-उजवं ओळखलेली बाई मी.

सूनबाईला अजून 'चुकले' असं काही म्हटलेलं नाही. ती रोज मनगटाला पट्टी बांधते आणि मी छताकडे बघते. पण आपला विषय वेगळा. तू त्या घुम्याला सोडू नकोस.

तुझी आजी


१३ मे

आजी,

मी खाली सरळ उभी आहे. तुझं पत्र मात्र उभ्यानं वाचता आलं नाही.

आपला विषय वेगळा नाही.

तुझे ते खडूचे गोल वाचले आणि मी उठून कप्तानकडून छोटा कॅमेरा मागून घेतला. विमानात माझ्या पायांकडे तोंड करून बसवला. वर गेले, पुष्कळ उंची घेतली, हातोडा केला. पुन्हा नाक पळालं, पुन्हा मी सोडवलं. पुन्हा तीच खात्री, मी डावा पाय रोवला होता.

खाली येऊन एकटीनं बघितलं. डावा पाय रोवलेला आहे, खरं आहे. पण नाक उजवीकडे जरासं हललं की उजवा पाय हळूच पुढे सरकतो. आवरायला सरकतो, आजी. इतकी वर्षं त्यानंच आवरलंय ना. मग डावा मागे येतो, आणि नाक जास्त पळतं म्हणून उजवा अजून जोरात दाबतो. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. माझाच बूट, माझीच नाडी, आणि पाय जसा दुसऱ्याच कुणाचा. मला सगळं पाठ होतं. पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि ती पट्टी. घुम्यानं वाकवली होती, कप्तानच्या सांगण्यावरून. माझं विमान नेहमी उजवीकडे झुकतं असं खालून दिसत होतं, म्हणून माझ्या डाव्या पायाचं ओझं कमी व्हावं अशी वाकवली होती. कप्तान म्हणाला, त्यानं सांगावं म्हणून मी वाट बघत होतो, तो बोलला नाही, मग तुला स्वतःला कधी दिसतंय ते बघायचं ठरवलं. मी म्हटलं माझं नाव काढा. तो म्हणाला, नाव काढायचं की नाही ते १७ तारखेला. पण ते विमान घुम्याच्या सहीशिवाय परीक्षेला उडणार नाही, तेव्हा त्याला आणायचं काम तुझं.

मी त्याच्या घरी गेले. जिन्यात सायकल होती, तिला वळसा घालून वर. तो स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत होता. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं, कॅमेऱ्याचंही. हँगरमध्ये सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही तिथेच सगळ्यांसमोर मागेन म्हटलं. तो नळाकडेच बघत होता. शेवटी म्हणाला, बघू.

तू आगीत तेल ओतलंस, पण आग माझी होती. मनाला लावून घेऊ नकोस. आता मी दिवसभर जमिनीवर चालतेय, डोळे मिटून, आणि दर वेळी डावा पाय आपटते. मामाला सांग, कुंपणाबाहेर गर्दी व्हायला लागलीय.

मामीशी बोललीस का?

भिंगरी


१९ मे

आजी,

तो आला.

परीक्षेच्या सकाळी हँगरचं दार उघडलं तर पेटी विमानाशेजारी आणि तो पंखाखाली. मी आधी सगळ्यांना गोळा केलं आणि माफी मागितली. भाचा जमिनीकडे बघत होता. घुम्या विमान तपासत राहिला, एकदाही वर बघितलं नाही. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग मी आत बसले, त्यानं पट्टे आवळले. नेहमी आवळून निघून जातो. आज थांबला. पान्याच्या मुठीनं माझ्या डाव्या गुडघ्यावर टिचकी मारल्यासारखं केलं आणि म्हणाला, "माझ्या हातावर संशय घे. रोज घे. फक्त आधी मला विचार."

एवढं तो कधी कुणाशी बोललेला नाही असं कप्तान म्हणतो.

हातोड्याला वर गेले. वेग संपत आला, नाक हललं, आणि उजव्या पायाची पोटरी ताठ झालेली मला कळली. निघालाच होता तो. मी त्याला बघत राहिले, आणि गुडघ्यावर जिथे टिचकी बसली होती तिथून डावा पाय दाबला. नाक थांबलं. क्षण आला. मग उजव्याला म्हटलं, आता जा.

आलेल्या रेघेवरून खाली आले. बाकीच्या कसरती ठीकठाक झाल्या, उतरताना जरा आपटले. कप्तान म्हणाला, जागा तुझी, पण या हंगामात दर उड्डाणाला कॅमेरा पायांवर. मी म्हटलं, मीच मागणार होते.

तुझी भिंगरी


२६ मे

माझ्या गुणाच्या भिंगरे,

पत्र आलं तशी मी ते घेऊन लिफ्टनं खाली गेले, वर आले, परत खाली गेले. आरशातल्या म्हातारीलाही वाचून दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

त्या मेकॅनिकला मी यापुढे घुम्या म्हणणार नाही. त्याच्यासाठी हातमोजे विणतेय, मनगट सुटलंय आता. दोन्ही उजवे होत नाहीत ना ते सूनबाई तपासते.

हो, बोलले तिच्याशी. तुझं १३ तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी. मी पत्रच तिच्या हातात दिलं, म्हणजे मला फार बोलायला नको. तिनं वाचलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, चला, आपण पण चालू. मग आम्ही रोज सकाळी चालतो. मी पलंगावर आडवी पडते, डोळे मिटते, उजवीकडे उतरते, भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जाते. ती पुढे उलटी चालते, मी पडलेच तर धरायला. शेजारीण दारातून बघते, तिला आम्ही काहीच सांगत नाही. हळूहळू पाय वळले. सलग चार-पाच दिवस मी कपाटाला भेटले नाही. मी तर फुशारकी मारायला लागले होते.

आणि काल दुपारी उठले, ऐटीत उजवीकडे उतरले, तर समोर कपाट.

मी तशीच पलंगावर मागे बसले. खाली बघितलं तर खडूचे गोल पुसलेले. भिंगरे, अंगात जुनी आजी अशी उसळून आली म्हणून सांगू. म्हटलं बघा, मी म्हणत नव्हते? मुलाला फोन लावणार होते. तेवढ्यात तुझ्या मेकॅनिकचं ते वाक्य आठवलं. सूनबाईला हाक मारली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "पलंग हलवलास का गं?"

ती म्हणाली, "हो."

मी गारच पडले. एवढे दिवस संशय घेतला तेव्हा तो तिथल्या तिथे होता, आणि संशय सोडल्यावर हलला.

मी सकाळी शेजारणीकडे गेले होते तेव्हा तिनं एकटीनं पलंग ओढून उशी-पायथा बदलला होता. म्हणाली, तुम्हाला जुन्या घरातली सवय, मोरी डावीकडे यावी म्हणून केलं, रोज एवढे कष्ट घेता ते बघवत नाही. सांगणार होते, पण तुम्ही आल्या-आल्या झोपलात. न मागता केलं बघ परत.

मी तिच्याकडे बघितलं, तिनं कपाटाकडे बघितलं. आधी ती हसली. लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. पोट धरून भिंतीला टेकली. मग माझंही सुटलं. तुझा मामा घरी आला तेव्हा आम्ही दोघी पलंगावर बसून डोळे पुसत होतो, आणि तो दारातच उभा, त्याचे कान लाल.

ती म्हणत होती, परत फिरवते. मी म्हटलं, राहू दे, एवढं ओढलंस ते. खडू आण, नवे गोल काढ.

आता पुन्हा डावीकडे उतरायला शिकतेय. सूनबाई पुढे उलटी चालते. पाय अजून ऐकत नाहीत, पण त्यांच्यावर माझं लक्ष आहे.

तुझी आजी